डेटाबेस-व्यवस्थापनाची परीक्षा आणि तिची पूर्वतयारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



या प्रसंगी दरवर्षी कोणी विद्वान प्राध्यापक, नामांकित डॉक्टर किंवा यशस्वी उद्योजक आपणांस चार उपदेशाचे शब्द सांगत आले आहेत. यंदा ते काम आमच्यासारख्या नोकरदार माणसाकडे यावे, याचे प्रथम आम्हांस नवल वाटले. परंतु चिटणिसांनी त्याचे कारण सांगितले तेव्हा नकार देणे आमच्याने झाले नाही. गेल्या वर्षभरात मंडळाच्या शिक्षणनिधीकडे आलेल्या अर्जांत काही अर्ज एका नव्याच गोष्टीसाठी होते. कोणाचा मुलगा बी. एस्सी. होऊन बसला आहे, कोणाची सून लग्नाआधी बँकेत होती आणि आता मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा काही करू इच्छिते. या सर्वांना कोणी तरी सांगितले आहे की, डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरची, म्हणजे धंद्याच्या भाषेत 'डीबीए'ची प्रमाणपत्र-परीक्षा दिल्यास बरी नोकरी मिळते. तेव्हा ही परीक्षा आहे तरी काय, तिची तयारी कशी करावी आणि मंडळाने तीसाठी पैसा खर्चावा काय, असे तीन प्रश्न आमच्यापुढे ठेवण्यात आले. त्यांची उत्तरे यथामती देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक कबुली देणे आम्हांस अगत्याचे वाटते. ती दिल्यावाचून या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

आपल्यापैकी अनेकांस स्मरत असेल की, २०१४ ते २०१६ या काळात मंडळाने ज्ञातिबांधवांच्या घराण्यांची सूची तयार केली होती. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी सुट्टीचे दिवस खर्ची घालून, एस. टी.ने व पायी गावोगाव हिंडून, कुलदैवत, मूळ गाव, चार पिढ्यांची नावे, लेकी कोठे दिल्या व सुना कोठून आल्या, हा सारा तपशील मिळवला आणि ज्ञातिगृहातील संगणकावर चढवला. २०१६ च्या जुलै महिन्यात कार्यालयात पाणी गळले आणि ते यंत्र निकामी झाले. तरी कोणी फारसे घाबरले नाही, कारण सूचीची दुसरी प्रत काढलेली होती. पण ती प्रत त्याच यंत्राच्या त्याच तबकडीच्या दुसऱ्या कप्प्यात होती, हे नंतर उघड झाले. एक जुनी पेन ड्राइव्ह सापडली. तीवरील फाइल उघडेना. दोन वर्षांचे श्रम एका रात्रीत गेले.

यात आमचा संबंध कोणता, असे आपण विचाराल. आम्ही त्या वेळी कार्यकारी समितीवर होतो आणि डेटाबेस-व्यवस्थापनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्हांस दोन वर्षे झाली होती. प्रमाणपत्र चौकटीत बसवून घरच्या भिंतीवर टांगले होते. नोंदींचे रक्षण कसे करावे, याच विषयावर आम्ही गुण मिळवले होते. आणि त्या दोन वर्षांत, "ही सूची दुसऱ्या यंत्रावर परत उघडून कोणी पाहिली आहे काय?" हा एक प्रश्न विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. कार्यकर्त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याला ठाऊक होते त्याने विचारले नाही, हा दोष आमचा आहे.

सूची पुन्हा केली गेली. २०१८ साली ती पुरी झाली. परंतु कोकणातील एका वाडीवर एक वृद्ध आजी होत्या. त्यांना स्वतःच्या माहेरची व सासरची मिळून चार पिढ्यांची नावे मुखोद्गत होती. कार्यकर्ते दुसऱ्यांदा त्यांच्या दारी गेले तेव्हा आजी निवर्तल्या होत्या. त्या घराण्याच्या रकान्यात आज दोन पिढ्यांच्या जागा कोऱ्या आहेत आणि त्या कोऱ्याच राहणार. हे उदाहरण आपण मनात ठेवावे. कारण पुढे आम्ही जे सांगणार आहोत त्याचा अर्थ त्या कोऱ्या जागांत आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. डेटाबेस म्हणजे नोंदींचे सुव्यवस्थित कोठार. बँकेतील आपले खाते, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील केसपेपर, शेताचा सातबारा, या साऱ्या नोंदी आज अशा कोठारांतून राहतात. नोंदी ठेवण्याचे शास्त्र आपणांस परके नाही. पेशवाईतील दप्तरे रुमालांत बांधून ठेवली गेली आणि पुढे त्यांतूनच रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली निवडक पत्रांचे ४५ खंड प्रसिद्ध होऊ शकले. फडावरील कारकुनाला जी शिस्त लागत असे तीच आज यंत्रावर लागते. फरक वेगाचा आणि पसाऱ्याचा आहे.

या यंत्रशास्त्राचा पाया १९७० साली घातला गेला. आयबीएम कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध करून असे मांडले की, सर्व माहिती ओळी व रकाने असलेल्या साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि ती यंत्रात कोठे व कशी साठवली आहे याची फिकीर वापरणाऱ्यास पडू नये. पुढे १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची 'एसक्यूएल'. १९७७ साली स्थापन झालेल्या व पुढे ओरॅकल या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने १९७९ साली या तत्त्वावरील आपली प्रणाली बाजारात आणली. कॉड यांस १९८१ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, यंत्रे बदलली, कंपन्या आल्या नि गेल्या. पण कोष्टकाची ती कल्पना टिकून आहे. म्हणूनच तरुणांस आमचे सांगणे असते की, या विद्येचा पाया शिकण्यात घातलेला वेळ वाया जाण्याची भीती फार थोडी.

परीक्षा अनेक आहेत. ओरॅकल कंपनीच्या २०१९ साली आलेल्या '१९सी' आवृत्तीसाठी दोन पेपर ठेवण्यात आले. पहिल्यात एसक्यूएल व व्यवस्थापनाची मूलतत्त्वे आणि दुसऱ्यात रक्षण, पुनर्प्राप्ती, आवृत्ती-बदल व कार्यक्षमता असे विषय आहेत. मायक्रोसॉफ्टची 'डीपी-३००' नावाची परीक्षा आहे. तीत १००० पैकी ७०० गुण उत्तीर्ण होण्यास लागतात आणि मिळालेले प्रमाणपत्र दरवर्षी एक विनामूल्य चाचणी देऊन चालू ठेवावे लागते. आवृत्त्या पालटतात तसे पेपरही पालटतात. यास्तव कोणत्याही मार्गदर्शकाच्या, आमच्यासुद्धा, शब्दावर विसंबून अर्ज न भरता कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेला अभ्यासक्रम त्या दिवशी वाचावा आणि मगच शुल्क भरावे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप आपणांस समजावे म्हणून त्यातील एकच प्रकरण आम्ही सांगतो. ज्यांच्या घरी पेढी वा दुकान आहे त्यांस ते सहज उमगेल. जुन्या पेढीवर दोन वह्या असत: रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार झाला की तो प्रथम रोजकीर्दीत जसा घडला तसा उतरवायचा. सवडीने मग ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत न्यायचा. ओरॅकलची रचना हुबेहूब अशीच आहे. आपण एटीएममधून पैसे काढले की तो बदल प्रथम 'रीडू लॉग' नावाच्या रोजकीर्दीत लिहिला जातो आणि ते लिखाण पक्के झाल्यावरच व्यवहार पुरा झाल्याचा निरोप मिळतो. खतावणी म्हणजे 'डेटाफाइल'. तीत तो बदल मागाहून, सवडीने उतरतो. मध्येच वीज गेली तर? खतावणी अपुरी राहिली तरी रोजकीर्द शाबूत आहे. यंत्र पुन्हा सुरू होताना रोजकीर्द वाचून राहिलेल्या नोंदी खतावणीत नेल्या जातात आणि जे व्यवहार अर्धवट राहिले होते ते मागे घेतले जातात. म्हणून वीज गेली तरी पुऱ्या झालेल्या व्यवहारातील आपला पैसा नाहीसा होत नाही.

आणखी एक बारकावा. रोजकीर्दीच्या वह्या मोजक्या असतात. एक भरली की दुसरी घ्यायची आणि सर्व भरल्या की पहिलीच पुन्हा वापरायची, अशी रीत आहे. जुन्या वहीवर नवे लिखाण चढण्यापूर्वी तिची नक्कल काढून वेगळी ठेवावयाची की नाही, हे व्यवस्थापकाने ठरवावयाचे असते. नक्कल ठेवण्याच्या रीतीस 'आर्काइव्हलॉग मोड' म्हणतात. ती रीत चालू असेल तर गेल्या रविवारची खतावणीची प्रत आणि तेव्हापासूनच्या रोजकीर्दीच्या नकला यांवरून काल दुपारपर्यंतचा हिशेब जसाच्या तसा उभा करता येतो. ती चालू नसेल तर रविवारनंतरचे सारे गेले, असे समजावे. परीक्षेतील कित्येक प्रश्न या एका भेदाभोवती फिरतात. आणि नोकरीतील कित्येक रात्रीही.

आता तयारीविषयी. आमच्या चुकीपासूनच आरंभ करतो, कारण ती आजच्या मुलांचीही चूक आहे. २०१३ साली आम्ही ओरॅकलच्या अकराव्या आवृत्तीचा व्यवस्थापनाचा पेपर प्रथम दिला आणि अनुत्तीर्ण झालो. आम्ही आज्ञा पाठ केल्या होत्या. शेकडो आज्ञा तोंडपाठ होत्या, जणू परवचाच. परंतु पेपरात आज्ञा कोणती हे विचारलेच नव्हते. कोणत्या अवस्थेत ती चालेल, हे विचारले होते. उदाहरणार्थ, खतावणीची एखादी साधी फाइल बिघडली तर तेवढी बाजूला काढून बाकीचा डेटाबेस चालू ठेवून तिची दुरुस्ती करता येते. पण 'सिस्टिम' नावाची मुख्य फाइल बिघडली तर सर्व कारभार थांबवून, डेटाबेस अर्धवट उघडलेल्या म्हणजे 'माउंट' अवस्थेत आणूनच दुरुस्ती करावी लागते. दोहोंच्या आज्ञा जवळजवळ सारख्या, प्रसंग भिन्न. ज्याने हे एकदा हाताने केले आहे तो हे विसरत नाही आणि ज्याने केवळ वाचले आहे त्यास ऐन वेळी आठवत नाही.

दुसऱ्या खेपेस आम्ही रीत बदलली. घरच्या संगणकावर, त्याच्याच पोटात आणखी एक आभासी संगणक उभा करता येतो. त्यासाठी 'व्हर्च्युअलबॉक्स'सारखी साधने विनामूल्य आहेत. त्यात लिनक्स आणि ओरॅकलची विनामूल्य आवृत्ती बसवावी. या आवृत्तीस मर्यादा आहेत, जसे की १२ गिगाबाइटपर्यंतच माहिती आणि २ गिगाबाइटपर्यंतच मेमरी. पण विद्यार्थ्यास तेवढे पुष्कळ होते. ज्यांस खुल्या प्रणालीवर शिकावयाचे असेल त्यांनी 'पोस्टग्रेस' घ्यावी. १९८६ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात तिचा उगम झाला आणि आज जगभर मोठ्या कामांसाठी ती वापरली जाते. आणि मग, ज्ञातिबंधूंनो, तो बसवलेला डेटाबेस बुद्ध्या मोडावा. खतावणीची फाइल पुसून टाकावी. 'कंट्रोल फाइल', म्हणजे कोणती वही कोठे ठेवली आहे याची यादी, ती नाहीशी करावी. ऐन व्यवहारात वीज तोडावी. मग घड्याळ लावून तो पूर्ववत उभा करावा. जमले नाही तर का जमले नाही, हे एका वहीत आपल्या भाषेत लिहावे. आमची अशी चुकांची वही अद्याप आमच्याजवळ आहे. प्रमाणपत्रापेक्षा आम्ही तीच अधिक जपतो.

वेळापत्रक विचाराल तर नोकरी वा घरकाम सांभाळणाऱ्यास सहा महिने योग्य होत. सहा दिवस पहाटे दीड तास आणि रविवारी चार तास, म्हणजे आठवड्यास १३ तास. सहा महिन्यांचे सुमारे ३४० तास होतात. पहिले दोन महिने केवळ एसक्यूएल. ही भाषा पक्की नसताना पुढे जाणे म्हणजे बाराखडीवाचून पत्रलेखन होय. पुढील दोन महिने रचना, साठवण, वापरणाऱ्यांचे अधिकार आणि जोडणी. पाचवा महिना संपूर्णपणे रक्षण व पुनर्प्राप्तीस द्यावा. सहाव्यात उजळणी आणि सरावाचे पेपर. कंपनीने प्रसिद्ध केलेली संदर्भ-पुस्तके इंग्रजीत आहेत आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांस त्यांची धास्ती वाटते, हे आम्ही जाणतो. आम्हांसही वाटली होती. रोज दोनच पाने, शब्दकोश जवळ घेऊन, आणि वाचलेले घरच्या कोणास तरी मराठीत सांगावे. आमच्या सौभाग्यवतींनी त्या सहा महिन्यांत रीडू लॉगविषयी जेवढे ऐकले तेवढे क्वचितच कोणी ऐकले असेल; आणि रोजकीर्दीचा दृष्टान्त हा त्यांनीच काढलेला आहे, त्यांच्या वडिलांची पेढी होती म्हणून.

आता एका अप्रिय गोष्टीविषयी. परीक्षेतील प्रश्न चोरून त्यांचे गठ्ठे विकणारे लोक आहेत. या गठ्ठ्यांस मुले 'डम्प' म्हणतात. आपल्यातील काही मुलांनी ते वापरले आहेत, हे आमच्या कानी आहे आणि त्यांच्या आईवडिलांनी ते भाबडेपणाने, पुस्तके समजून, पैसे मोजून आणून दिले आहेत. म्हणून पालकांसाठी स्पष्ट सांगतो: ही कॉपीच आहे. कंपन्यांच्या नियमांप्रमाणे ती उघडकीस आल्यास निकाल रद्द होतो, दिलेले प्रमाणपत्र काढून घेतले जाते. पण ते उघडकीस न आले तर अनर्थ अधिक मोठा. मुलाखतीस गेलेल्या अशा एका उमेदवारास आम्ही स्वतः विचारले की, रात्री दोन वाजता डेटाबेस बंद पडला तर तू प्रथम काय पाहशील? तो मुलगा गप्प राहिला. त्याच्या प्रमाणपत्रावर आमच्या वेळेपेक्षा अधिक गुण होते. तो बुद्धीने मंद नव्हता. सहा महिन्यांचा अभ्यास त्याच्याकडून कोणी तरी काढून घेतला होता, आणि त्याने पैसे देऊन तो काढून घेऊ दिला होता. त्यास नोकरी देणे आमच्या हाती नव्हते. पण त्याचा चेहरा आमच्या मनातून गेला नाही.

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि काम येणे यांत अंतर का राहते, हे पाहावयाचे तर एक प्रसिद्ध प्रसंग सांगतो. आपली सूची गेल्यानंतर सहाच महिन्यांनी, ३१ जानेवारी २०१७ रोजी, गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीतील एका अनुभवी अभियंत्याने, रात्रीच्या श्रमाने थकलेल्या अवस्थेत, दुय्यम यंत्रावरील म्हणून जी माहिती पुसली ती प्रत्यक्षात मुख्य यंत्रावरील निघाली. क्षणांत चूक ध्यानी आली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. मग रक्षणाचे उपाय पाहू लागले. रोज निघणारी प्रत गेले काही काळ निघतच नव्हती, कारण प्रत काढणाऱ्या साधनाची आवृत्ती जुनी होती. ती निघत नसल्याची सूचना देणारी पत्रेही कोणास पोहोचत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी कोणी हाताने एक प्रत घेतली होती, तीवर निभावले. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. त्या कंपनीने यातील काहीही न लपवता सर्व वृत्तान्त स्वतः प्रसिद्ध केला आणि अभियंत्यावर खापर न फोडता कामाची रीत सुधारली. तो वृत्तान्त आम्ही वाचला तेव्हा आम्हांस आमच्या ज्ञातिगृहातील गळके छप्पर आठवले. केवढी ती कंपनी आणि केवढे आपले मंडळ. परंतु चूक तीच. प्रत काढली होती असे सर्व समजत होते. परत उभी करून कोणी पाहिली नव्हती.

काही सुज्ञ पालक विचारतात की, आता यंत्रेच आपला कारभार आपण पाहू लागली आहेत, तर या विद्येचे भवितव्य काय? प्रश्न रास्त आहे. ओरॅकलने २०१७ साली 'स्वयंचलित' डेटाबेसची घोषणा केली. दुरुस्त्या लावणे, प्रती काढणे, जागा वाढवणे ही पुष्कळशी कामे आता यंत्र करते. केवळ आज्ञा टंकण्याचे काम कमी होत जाणार, यात संशय नाही. तथापि कोणती नोंद किती काळ जपावी, ती कोणी पाहावी, किती वेळ कारभार थांबलेला चालेल, आणि काढलेली प्रत खरोखर उभी राहते काय, हे ठरवणारा माणूस लागतोच. म्हणून आज्ञा पाठ करणाऱ्यास चिंता आहे. कारण समजून घेणाऱ्यास ती कमी आहे. हमी मात्र आम्ही कोणासही देत नाही. प्रमाणपत्राने मुलाखतीचे दार उघडते. आत उमेदवाराने स्वतः चालत जावयाचे असते.

आता तिसरा प्रश्न: मंडळाने पैसा खर्चावा काय? परीक्षेचे शुल्क काही हजार रुपयांच्या घरात जाते आणि अनुत्तीर्ण झाल्यास ते पुन्हा भरावे लागते. आमची नम्र सूचना अशी की, केवळ शुल्काची रक्कम हाती देऊ नये. ज्ञातिगृहाची माडीवरची खोली वर्षातील बहुतेक दिवस बंद असते. तेथे चार-पाच चांगले संगणक ठेवावेत आणि ती सकाळ-संध्याकाळ अभ्यासासाठी उघडी असावी. ज्यांच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे राहतात त्यांस शुल्कापेक्षा शांत जागेची आणि बऱ्या यंत्राची निकड अधिक असते. सहा महिने जो नेमाने आला आणि ज्याने आपली चुकांची वही दाखवली, त्याचे शुल्क निधीतून बिनव्याजी द्यावे. नोकरी लागल्यावर त्याने ते परत करावे, म्हणजे पुढच्याची सोय होईल. पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झालेल्यास दुसरी संधी नाकारू नये. तशी ती नाकारली गेली असती तर आम्ही आज येथे उभे नसतो.

घरी राहिलेल्या सुनांसाठी आणि लेकींसाठी दुपारची वेळ राखून ठेवावी. काही वर्षे संसारास दिली म्हणून त्यांची बुद्धी गंजलेली नसते. रोजचा हिशेब, मुलांची औषधे, सणावारांची तयारी आणि पाहुण्यांची वर्दळ एकाच वेळी ध्यानात ठेवणाऱ्या स्त्रीस या कामातील सावधपणा वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त सासूबाईंनी नि सासऱ्यांनी दुपारचे दोन तास तिला मोकळे द्यावेत, एवढीच प्रार्थना.

आणखी एक सूचना. ती काहींस रुचणार नाही, परंतु वडीलधाऱ्यांची क्षमा मागून करतो. ही खोली केवळ आपल्या ज्ञातीपुरती ठेवू नये. आमच्या अडचणीच्या काळात आम्हांस पहिला संगणक वापरू देणारे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्याबरोबर जागणारे मित्र आपल्या ज्ञातीचे नव्हते. परीक्षेच्या अर्जावर आडनाव लिहावे लागते खरे, पण गुण मोजणारे यंत्र ते वाचत नाही. ज्ञातिगृहाच्या आळीतील जे मूल शिकावयास येईल त्यास खुर्ची मिळावी. मंडळाची स्थापना करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी वसतिगृह काढले ते आपल्या मुलांनी जगात मिसळावे म्हणून; स्वतःभोवती कुंपण घालावे म्हणून नव्हे, असे आम्ही समजतो.

समारोपाचे दोन शब्द. दुसऱ्यांदा तयार झालेली आपली घराण्यांची सूची आता तीन ठिकाणी आहे: एक प्रत कार्यालयात, दुसरी दूरच्या शहरातील एका विश्वस्तांच्या घरी, तिसरी इंटरनेटवरील सुरक्षित कोठारात. पण तेवढ्यावर आम्ही थांबलो नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या दोन मुली आणि एक मुलगा ज्ञातिगृहात येतात, त्यातील एक प्रत कोऱ्या यंत्रावर नव्याने उभी करतात, घराण्यांची संख्या मोजतात, कोणतीही पाच घराणी उघडून वाचतात आणि नोंदवहीत सही करतात. तिघेही सध्या याच परीक्षेची तयारी करीत आहेत. त्या पाच घराण्यांत एक घराणे ते दर खेपेस ठरवून उघडतात. ते त्या वाडीवरच्या आजींचे. दोन कोऱ्या जागा पाहतात आणि मग सही करतात. ही प्रथा आम्ही घालून दिलेली नाही. मुलांनी आपण होऊन पाडली.

परीक्षेस बसणाऱ्या सर्वांस आमचे आशीर्वाद आहेत. प्रमाणपत्र मिळाले तर ते अवश्य चौकटीत बसवावे, आईवडिलांस दाखवावे, पेढे वाटावेत. आणि त्याच संध्याकाळी, आपण ज्या नोंदींचे राखणदार आहोत त्यांची प्रत एकदा उघडून पाहावी.